दारापुढची जागा कुणाची?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल प्रथम आपल्या सर्वांचं मनापासून अभिनंदन. एका टाकीचं पाणी पिऊन, दरवर्षी सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून भांडून, पुन्हा गणपतीत एकत्र आरतीला उभं राहायचं आणि हे पंचवीस वर्षं करायचं, ही सोपी गोष्ट नाही.

सेक्रेटरी साहेबांनी मला बोलावताना सांगितलं, ‘साहेब, कायद्याचा कीस नको, पण रस्त्याकडेच्या बांधकामांवर बोला. लोक वैतागलेत.’ मी एका महानगरपालिकेत, दुसऱ्या शहरात, अभियंता म्हणून नोकरी केली. बांधकाम परवानगी आणि अतिक्रमण, हे दोन्ही विभाग पाहिले. तेव्हा नोटिशीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला माणूस काय पाहतो, ते आज सांगतो.

शेजारी रस्त्याकडेला काहीतरी करतो. रॅम्प बाहेर काढतो, फुटपाथवर बागेसाठी कठडा घालतो, गेट बाहेर उघडतं करतो, समोरच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेड टाकतो. कुणीतरी तक्रार करतं. मग कधी दोन दिवसांत जेसीबी येतो, कधी नुसती नोटीस येते, आणि कधी काहीच येत नाही. आपण म्हणतो, ‘वशिला असणार.’ वशिला नसतोच असं मी म्हणणार नाही. चाळीशी ओलांडलेल्या माणसांपुढे असं बोललो तर तुम्ही हसाल. पण पुष्कळदा या तीन निराळ्या निर्णयांचं कारण त्याहून साधं असतं. पहिला प्रश्न असतो : काम नेमकं कुठल्या पट्ट्यात झालं आहे?

तीन पट्टे

आपल्या इमारतीच्या भिंतीपासून समोरच्या बंगल्याच्या भिंतीपर्यंत एक रेघ ओढा. त्या रेघेवर तीन वेगवेगळे पट्टे लागतात, आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

पहिला पट्टा म्हणजे सार्वजनिक रस्ता. रस्ता म्हणजे फक्त डांबर नव्हे, बरं का. फुटपाथ, पावसाळी गटार, झाडाचं आळं, विजेचा खांब, हे सगळं मिळून रस्ता. तो कायद्याने महापालिकेच्या ताब्यात असतो, सगळ्यांच्या वतीने. आपल्याकडचा १९४९ चा महानगरपालिका अधिनियम, ज्याला जुने लोक अजून ‘बीपीएमसी ॲक्ट’ म्हणतात, त्यात रस्त्यावर अडथळा होईल असं बांधकाम करायला बंदी आहे. कलम २३१ तर सांगतं की रस्त्यावर उभारलेली भिंत, कुंपण, खांब, पायरी आयुक्त विनानोटीस काढू शकतात. पायरीसुद्धा! दुकानासमोरच्या तीन पायऱ्या सकाळी होत्या आणि दुपारी नव्हत्या, असं झालं की त्यामागे बहुधा हे कलम असतं. ही जागा तुमच्या नावावर होऊच शकत नाही, त्यामुळे तिथलं बांधकाम ‘दंड भरून नियमित करून घेऊ’ म्हणायलाही वाव नाही. परवानगी मागायची तर अर्जाबरोबर जागेची कागदपत्रं लागतात. फुटपाथची कागदपत्रं कुठून आणणार?

दुसरा पट्टा खरं तर पट्टा नाही, रेघ आहे : कुंपणाची भिंत आणि गेट. भिंत आपली, पण तिच्या उंचीला नियम आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं वगळता जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यानुसार पुढची भिंत रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर. वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा, आरपार दिसणारा ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल, तर वळणाच्या दोन्ही बाजूंना दहा मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त पाऊण मीटर, त्यावर हवी तर जाळी. कारण उघड आहे : वळणावर येणाऱ्या स्कूटरवाल्याला पलीकडून येणारं पोर दिसलं पाहिजे. आणि गेट पूर्णपणे आतच उघडलं पाहिजे. बाहेर उघडणारं गेट दिवसातून वीस वेळा फुटपाथ अडवतं, हे आपल्याला गाडी काढताना लक्षात येत नाही. चालणाऱ्याला येतं.

तिसरा पट्टा समोरच्या मोकळ्या जागेचा. नकाशात त्याला सामासिक अंतर म्हणतात, आपण ‘फ्रंट मार्जिन’ म्हणतो. ही जागा मालकीची आहे, पण मोकळी ठेवण्याच्या अटीवर. अग्निशमन दलाची गाडी, उजेड, वारा आणि पुढेमागे रस्ता रुंद झाला तर लागणारी सोय, यासाठी ती सोडलेली असते. इथे पत्र्याची शेड टाकली तर प्रकरण वेगळ्या वाटेने जातं. महापालिका अधिनियमाचं कलम २६० किंवा नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ५३ लागतं. नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते. कलम ५३ च्या नोटिशीनंतर ‘हे बांधकाम ठेवू द्या’ म्हणून रीतसर परवानगीचा अर्जही करता येतो. नियमात बसत असेल तर मंजूर होतो, नसेल तर नामंजूर, आणि मग पाडकाम. म्हणून इथे वेळ लागतो. फुटपाथवरचा कठडा दोन दिवसांत गेला आणि आतली शेड आठ महिने उभी राहिली, तर त्यात दरवेळी काळंबेरं असतंच असं नाही.

आणखी एक भानगड आहे, ती ले-आऊटमधल्या अंतर्गत रस्त्याची. मंजूर ले-आऊटमधला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे की अजून प्लॉटधारकांच्या सामाईक मालकीचा आहे, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दोन सोसायट्यांमधल्या अनेक भांडणांचं मूळ या एका कागदात असतं, आणि तो कागद दोघांनीही पाहिलेला नसतो.

आधी नोटीस कशाला?

लोक चिडून विचारतात, ‘उघड अतिक्रमण आहे, मग नोटीस कशाला? पाडून टाका!’ याच माणसाला स्वतःला नोटीस आली की तो म्हणतो, ‘मला बोलायची संधीच दिली नाही!’ दोन्ही म्हणणी माणसाची आहेत, आणि न्यायालयांनी दोन्हींचा विचार केला आहे.

१९८१ मध्ये मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायचा निर्णय सरकारने घेतला. त्यावरचा ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १० जुलै १९८५ ला लागला. तो लिहिला आपल्या महाराष्ट्रातल्या सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, तो अडवायचा हक्क कुणालाच नाही. आणि तरीही, ज्याला हटवायचं त्याचं म्हणणं ऐकून घेणं हा सर्वसाधारण नियम, न ऐकता हटवणं हा अपवाद. जगण्यासाठी फुटपाथवर पथारी टाकणाऱ्या माणसाबद्दल न्यायालय इतकं बोललं. आपण तर फुटपाथवर शोभेच्या कुंड्यांसाठी कठडा घालतो.

अलीकडचं सांगायचं तर १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश. बुलडोझर मनमानी चालवता येणार नाही. पण त्याच निकालात अपवाद आहे : रस्ता, गल्ली, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे पुन्हा तेच, पहिला पट्टा वेगळा आणि तिसरा पट्टा वेगळा.

पुढच्याच महिन्यात, १७ डिसेंबर २०२४ ला, मेरठच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की प्रशासनाने वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं, किंवा बांधकामावर पुष्कळ पैसा खर्च झाला, एवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. ‘वीस वर्षांपासून आहे साहेब’ हे वाक्य मी सुनावणीत असंख्य वेळा ऐकलं आहे. त्याला हे उत्तर आहे.

‘त्याचं नाही, माझंच का?’

हा सुनावणीतला दुसरा आवडता प्रश्न. माणूस फोटोंचा गठ्ठाच घेऊन येतो. ‘हा पाहा पाटकर वाडीतला ओटा, ही पाहा मेडिकलवाल्याची शेड. त्यांना नोटीस नाही, मग मला का?’ प्रश्न रास्त वाटतो, पण कायद्यात टिकत नाही. राज्यघटनेतली समानता चांगल्या हक्काची आहे. दुसऱ्याचं बेकायदा काम राहिलं म्हणून माझंही राहू द्या, अशी समानता न्यायालयं मान्य करत नाहीत.

पण कायद्यात टिकत नसला तरी माणसाच्या मनात तो प्रश्न टिकून राहतो, आणि शेजार तिथेच नासतो. म्हणून टेबलाच्या आतली बाजूही सांगतो. एका कनिष्ठ अभियंत्याकडे मोठा भाग असतो. तो सगळ्या गल्ल्या रोज फिरत नाही, जिथून तक्रार येते तिथे जातो. त्यामुळे ज्याच्याबद्दल तक्रार झाली त्याला नोटीस आणि ज्याच्या शेजाऱ्यांनी तोंड बंद ठेवलं त्याला नाही, असं दिसतं. मग पोलीस बंदोबस्त मिळायला हवा. तो सणासुदीला, निवडणुकीत मिळत नाही. मध्येच न्यायालयाची स्थगिती येते. कधी वरून फोन येतो, हेही खरं. या सगळ्यातून गाळून जे उरतं त्याला आपण ‘महापालिकेचा निर्णय’ म्हणतो.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तक्रार एका माणसाविरुद्ध असेल, तर कारवाई वैराची वाटते. तक्रार अख्ख्या रस्त्याची असेल, या चौकापासून त्या चौकापर्यंत, दोन्ही बाजूंची, आपल्या गेटसकट, तर अभियंत्यालाही नीट काम करता येतं आणि ‘माझंच का’ म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

एवढ्याशा रॅम्पने काय बिघडतं?

आता बिघडतं काय ते पाहू. नाहीतर हा सगळा कागदांचा खेळ वाटेल.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फुटपाथवर अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी आणि २.२ मीटर उंची मोकळी हवी. १.८ मीटर का? दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओलांडून जाव्यात, म्हणून. आता प्रत्येक गेटसमोर फुटपाथ कापून, उतरता करून रॅम्प घातला, तर चालणारा माणूस दर पन्नास फुटांवर खाली उतरतो आणि वर चढतो. तरुणाला त्याचं काही वाटत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी तिसऱ्या रॅम्पनंतर फुटपाथ सोडतात आणि डांबरावरून चालू लागतात. पुढे काय होऊ शकतं ते मी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला फुटपाथ वापरण्याचा चालणाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच, कलम २१ चा भाग मानला, तो याचसाठी.

दुसरं पाणी. रॅम्प पुढे काढताना खालचं पावसाळी गटार बुजतं, किंवा चार इंची पाइप टाकून ‘सोय’ केली जाते. पहिल्या मोठ्या पावसात त्या पाइपात पानं अडकतात आणि पाणी खालच्या अंगाच्या घरात शिरतं. ज्याने रॅम्प केला त्याच्याकडे शिरत नाही, पुढच्याकडे शिरतं. जुलै महिन्यात दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद होण्याचं हे मोठं कारण आहे.

तिसरं झाड. फुटपाथ ‘स्वच्छ दिसावा’ म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घालतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. मुळांना हवा-पाणी मिळालं नाही की झाड हळूहळू खचतं आणि एका वादळात गाडीवर पडतं. मग आपण म्हणतो, वृक्ष विभाग झोपला होता.

चौथं, घरगुती स्पीड ब्रेकर. वर्गणी काढून, रात्री सिमेंटची एक वरवंट्यासारखी लांब पट्टी टाकायची. हेतू चांगला असतो, पोरं खेळतात म्हणून. पण मानकांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असेल तर तो ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावर अलगद चढून उतरते. आपली पट्टी एक फुटाची. तिच्यावर मागे बसलेल्या माणसाचा मणका बसतो आणि रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल होतात.

आपल्या दारापासून

आता थोडं कडू बोलतो, पाहुण्याला तेवढी मुभा द्या. इथे येण्याआधी मी संध्याकाळी तुमच्या रस्त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. खिशात टेप होता, जुनी सवय. समोरच्या बंगल्याने फुटपाथवर बागेचा कठडा घातला आहे. जागा अडली आहे, यात शंका नाही. तुमच्या कार्यकारिणीने त्याबद्दल तक्रारीचा मसुदा तयार ठेवला आहे, असं मला कळलं. पण तुमच्या मुख्य गेटचा रॅम्पसुद्धा फुटपाथवर साधारण साडेतीन फूट आला आहे, आणि गेटची डावी झडप बाहेर उघडते. गेटजवळच्या दोन कुंड्या आणि ‘नो पार्किंग’ची लोखंडी पाटीही फुटपाथवरच आहे. उद्या अभियंता तक्रारीवरून आला, तर तो आधी तुमच्या गेटसमोर उभा राहील, मग समोर पाहील.

मी हे तक्रार करू नका म्हणून सांगत नाही. जरूर करा. कठडा राहता कामा नये. पण तक्रार करण्याआधी आपला रॅम्प आत घ्या. ते अशक्य नाही. गेट आत उघडतं करून उताराची सुरुवात कुंपणाच्या आतून करायची, फुटपाथची पातळी गेटसमोरही तशीच सलग ठेवायची, आणि फक्त रस्त्याकडच्या कडेला छोटा उतार द्यायचा. गाडी एकदा हळू होऊन चढेल. एवढ्याने वर्षानुवर्षं चालणाऱ्यांची सोय होते. फुटपाथच्या कडेचं काम मात्र परस्पर कंत्राटदाराकडून करू नका. तो महापालिकेचा भाग आहे, त्यांना पत्र देऊन, परवानगीने करा.

मग समोरच्या बंगल्यात दोन ज्येष्ठ सभासदांना पाठवा. वकिलाची नोटीस नको, माणसं जाऊ द्या. ‘काका, आम्ही आमचं काढलं, तुम्हीही काढा. झाडं आमच्या आवारात हलवायला मदत करतो.’ माझ्या नोकरीत मी पाहिलं आहे : ज्याच्या हातचं आधी निघालेलं दिसतं, त्याचं बोलणं लोक ऐकतात. सगळेच ऐकतात असं नाही. नाही ऐकलं, तर लेखी तक्रार द्या. तक्रारीत जागा, मोजमाप, तारखेचा फोटो आणि पट्टा कुठला ते लिहा. माणसाचं वर्णन, त्याचा स्वभाव, त्याच्या मुलाची गाडी, हे लिहू नका. क्षेत्रीय कार्यालयाकडून पोच घ्या. महिनाभर काही झालं नाही, तर माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा : आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्याची स्थळपाहणी अहवालासह प्रत द्यावी. उत्तर देणं भाग असलं की फाइल हलते.

आणि समजा, सगळं रीतसर करूनही निर्णय तुमच्या मनासारखा आला नाही. आत मार्जिनमधली शेड नियमात बसली आणि त्याला परवानगी मिळाली. तर ती मान्य करा. निर्णय आपल्या बाजूने लागला तर न्याय आणि विरुद्ध लागला तर वशिला, असं धरून चाललं तर एका गल्लीत राहता येणार नाही. महापालिका एकदा येऊन जाते. समोरचा माणूस रोज सकाळी दूध घ्यायला भेटतो.

कार्यकारिणीला एक सुचवतो. रौप्यमहोत्सवाचा खर्च तुम्ही कमान, रोषणाई, स्मरणिका यांवर करताच आहात. त्यात गेट आणि रॅम्प आत घेण्याचा एक ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. मंजूर झाला तर पावसाळ्याआधी काम होईल. त्या कामाची मोजणी करायला बोलावलंत, तर टेप घेऊन मी येईन. मानधन नको, चहा पुरे.